हातांची वाटणी

आमच्या रफूच्या दुकानाची वाटणी झाली तेव्हा सगळं अर्ध्या तासात उरकलं. सुया, रफू करताना कापडाखाली धरायचं लाकडी अंडं आणि खिडकीजवळचं टेबल मला. कॅमेरा, दिवा आणि धाग्यांचं कपाट जाऊबाईंना. गिऱ्हाइकं त्यांच्या मनाला येईल तिकडे जाणार, त्यांची काय वाटणी करणार? राहता राहिले फोटो. ते सहाशे बारा होते. जाऊबाई म्हणाल्या, ज्या फोटोत जिचे हात, तो फोटो तिचा. मोजले तर माझे तीनशे अठरा निघाले आणि त्यांचे दोनशे चौऱ्याण्णव. मला जास्त मिळत होते, म्हणून मी गप्प बसले.

इतकी सरळ वाटणी कुठल्या दोन जावांनी केली नसेल, असं मला तीन वर्षं वाटत होतं. गेल्या मंगळवारी वाचनालयातल्या बाईंनी मला दोन मिनिटांत सांगितलं, की ती साफ उलटी झालेली आहे.

आधी फोटो आले कुठून ते सांगते. दुकान नवीन होतं तेव्हा एक गृहस्थ कोट घ्यायला आला आणि बाहीवर बोट ठेवून म्हणाला, "हे दुसरं भोक तुम्हीच पाडलंत." मी त्याला असं काही सुनावलं की तो परत आला नाही. जाऊबाईंनी सुनावलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी एक जुना कॅमेरा घेऊन आल्या. तेव्हापासून आलेला प्रत्येक कपडा आधी फोटोत आणि मग टेबलावर. पुढे आम्हाला त्याची गोडीच लागली आणि आम्ही काम चालू असतानाचेही फोटो काढू लागलो.

आता रफूचा फोटो काढायचा म्हणजे कापड उजेडासमोर ताणून धरावं लागतं. त्याशिवाय आडवे-उभे धागे दिसत नाहीत. ताणायला दोन्ही हात लागतात. म्हणजे काम जिचं तिनं कापड धरायचं आणि दुसरीनं बटण दाबायचं, हे ओघानंच आलं. माझं काम असलं की जाऊबाई कॅमेरा घ्यायच्या. त्यांचं असलं की मी. बारा वर्षं हे असं चाललं. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं आम्हा दोघींच्या स्वप्नातही आलं नाही.

माझ्या तीनशे अठरा फोटोंत एकेचाळीस फोटो एकाच कोटाचे आहेत. चौकटीचा लोकरी कोट, कोपरावर जळून पडलेलं रुपयाएवढं भोक. आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढला आणि चौकटीची रेघन् रेघ जुळवत नऊ दिवस बसले. कोट नेताना मालकाला भोक कुठे होतं ते सापडेना. तो म्हणाला, "ही दुसरी बाही तर नाही ना?" आयुष्यात मी याहून चांगलं काम केलेलं नाही, आणि आता करणारही नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला आहे. सुई धरली की दोन मिनिटांत हातातून गळते. डॉक्टर म्हणाले, आता याला विश्रांती द्या. म्हटलं, तो मला विचारून थोडाच काम सोडतोय!

म्हणजे माझ्या हातांचं जे काही उरलं आहे ते त्या एकेचाळीस फोटोंत आहे. वाचनालयाने हाताच्या कामांचे फोटो गोळा करून इंटरनेटवर ठेवायचं ठरवलं, कुणालाही बघून शिकता यावं म्हणून, आणि मी ते ऐकलं मात्र, मला दुसरं काही सुचेना. शुक्रवार शेवटचा दिवस होता. मंगळवारी सकाळी मी फोटो घेऊन हजर.

तिथल्या ग्रंथपालबाई हळू बोलणाऱ्या. मला हळू बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते, त्यांच्याशी भांडता येत नाही. त्यांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. म्हणाल्या, "फोटो तुम्ही कोणत्या अटीवर देताय ते तुम्ही ठरवायचं. चार पर्याय आहेत. पहिला, कुणीही काहीही करावं, तुमचं नावसुद्धा द्यायची गरज नाही. दुसरा, काहीही करावं, पण नाव द्यायलाच हवं. तिसरा, नाव द्यायचं आणि धंद्यासाठी वापरायचा नाही. चौथा, नाव द्यायचं, धंद्यासाठी नाही आणि फोटोत बदलही करायचा नाही."

"चौथा," मी म्हटलं.

"एवढ्या लवकर?"

"मला पहिल्याचा अनुभव आहे."

अनुभव होताच. ते तरी का लपवू? दुकान एकत्र होतं तेव्हा फोटो ठेवायच्या एका साइटवर मी एक फोटो टाकला होता. जाऊबाईंचे हात, त्यांत मखमलीचा तुकडा, मागे खिडकीचा उजेड. देखणा फोटो होता, मीच काढलेला. साइटने असेच पर्याय विचारले. बाकीच्यांखाली हातभर मजकूर होता आणि पहिल्याखाली एकच ओळ, म्हणून मी पहिल्यावर खूण केली. आठ महिन्यांनी बाजारात नायलॉनच्या दोऱ्याची नवी पाकिटं आली आणि प्रत्येक पाकिटावर जाऊबाईंचे हात!

नायलॉन! जाऊबाईंचं म्हणणं असं, की नायलॉन हा धागाच नाही, ती तार आहे. नायलॉनने शिवलेला कपडा त्या हातात घेत नसत, गिऱ्हाइकाला परत पाठवत. आणि त्याच नायलॉनवर त्यांचे हात, डाव्या अंगठ्यावरच्या जुन्या व्रणासकट. मी पाकीट बघितलं आणि हसले. अगदी खो खो हसले. तेव्हा मी हसले नसते तर पुढचं काही झालं नसतं, असं मला आता वाटतं.

जाऊबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तू तर दुसऱ्याचे हात दाखवलेस."

मी म्हटलं, "फोटो मी काढला होता."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मी साइटला लिहून तो फोटो काढून टाकला, पण दिलेली परवानगी मागे घेता येत नाही असं त्यांचं उत्तर आलं. पाकिटं येत राहिली. आठवडाभरात आमची वाटणी झाली. लोकांना नवल वाटलं नाही. जावा जावा उभा दावा, असंच ते आपसात म्हणाले असतील. आम्ही बारा वर्षं एका टेबलावर न भांडता काम केलं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

हे सगळं मी ग्रंथपालबाईंना थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग चौथ्या पर्यायाची दुसरी बाजू सांगितली. बदल करायचा नाही म्हटलं, की शिकवणाऱ्या एखाद्या बाईला तुमच्या फोटोवर बाण काढून "सुई इथून घाला" असं दाखवून तो पुढे देता येणार नाही. धंद्यासाठी नाही म्हटलं, की फी घेऊन शिवणाचे वर्ग चालवणारी बाई तो वापरायला बिचकेल. मी विचारात पडले. बाणाशिवाय रफू शिकवायचं म्हणजे अवघडच. मी म्हटलं, "थांबा, बघू द्या जरा," आणि कागद परत हातात घेतला.

तोवर बाई माझे फोटो एकेक करून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः काढलेत ना? इथे खाली तशी सही करायची आहे."

"मग काय! हात बघा ना, माझेच आहेत."

"हो, तेच बघतेय," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात फोटोत आहेत. मग बटण कुणी दाबलं?"

"जाऊबाईंनी," मी म्हटलं.

बाईंनी कायदा अगदी सोपा करून सांगितला. फोटोचा हक्क साधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. फोटोत कोण आहे, काम कुणाचं आहे, याला त्यात जागा नाही. म्हणजे माझ्या पिशवीतले तीनशे अठरा फोटो जाऊबाईंचे होते. माझे दोनशे चौऱ्याण्णव त्यांच्या घरी होते. तीन वर्षं मी ज्यांना माझे माझे म्हणत होते त्यांतला एकही माझा नव्हता, आणि जे खरोखर माझे होते ते मी स्वतःच्या हातांनी मोजून देऊन टाकले होते. जाऊबाईंच्या सहीशिवाय यांतला एकही घेता येणार नाही, बाई म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत.

मग मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आणि तो मखमलीचा? साइटवर टाकलेला?"

"तो तुम्ही काढला होता ना? मग तो तुमचाच. परवानगी द्यायचा हक्क तुमचाच होता. कायद्यानं तुमची काही चूक झाली नाही."

तीन वर्षं मी हे वाक्य ऐकायला आसुसले होते. नवरा बोलला नव्हता, बहीण बोलली नव्हती, आणि आज एक परकी बाई चष्मा पुसता पुसता बोलून गेली. घरी येईपर्यंत मी ते वाक्य चारदा मनात घोळवून बघितलं. पहिल्यांदा बरं वाटलं. चौथ्यांदा नाही वाटलं.

बुधवार मी वाया घालवला. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही जाऊन सही आणा. तुम्ही रोज संध्याकाळी भाऊजींबरोबर बसता, एवढं करायला काय होतं?" ते म्हणाले, "तुमच्या भांडणात आम्ही दोघं भाऊ तीन वर्षं शहाण्यासारखे बाहेर राहिलोय. आता कुठे आत ढकलतेस?" गुरुवारी दुपारी मीच निघाले.

जाऊबाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मी दोनदा परत फिरले. दार त्यांनीच उघडलं. डोळे बारीक करून बघितलं, आणि मला वाटलं त्या राग दाखवतायत. पण तसं नव्हतं, त्यांना दिसतच नव्हतं नीट.

"कोण? तू होय," त्या म्हणाल्या. "ये."

भाऊजी बाहेर गेले होते. खिडकीजवळ खुर्ची होती, तिथे उन्हाचा एक पट्टा पडला होता. जाऊबाई त्या उन्हातच जाऊन बसल्या. मी इकडचं तिकडचं बोलले. जिना फार उंच आहे म्हटलं. भाऊजींची तब्येत विचारली. खालच्या मजल्यावर रंग दिलाय, छान दिसतोय म्हटलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ताकाला आलीस ना? मग भांडं कशाला लपवतेस? पिशवीत काय आहे?"

मी कागद काढले आणि सगळं सांगितलं. वाचनालय, शुक्रवार, बटण कुणी दाबलं तो प्रश्न, आणि उलटी वाटणी. जाऊबाई ऐकता ऐकता हसायला लागल्या.

"म्हणजे इतके दिवस तू माझे फोटो सांभाळलेस आणि मी तुझे?"

"हो."

"आणि तुला जास्त मिळाले म्हणून तू खूश होतीस."

"तुम्हाला काय माहीत?"

"तेव्हा डोळे चांगले होते माझे. तुझ्या तोंडावर दिसत होतं."

इथेच मी गप्प बसून कागद पुढे करायचा होता. सही झाली असती आणि मी घरी गेले असते. पण माझा स्वभाव मला माहीत आहे. पोटात राहिलेलं वाक्य मला पचत नाही.

"आणि तो मखमलीचा फोटो," मी म्हटलं, "तोही कायद्यानं माझाच होता. बाईंनी सांगितलं. माझी काही चूक नव्हती."

जाऊबाईंचं हसू थांबलं. त्या उठल्या, भिंतीला हात लावत कपाटापाशी गेल्या आणि खणातून काहीतरी काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. नायलॉनच्या दोऱ्याचं पाकीट होतं. न फोडलेलं. मी त्या दिवसानंतर ते इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. फोटो दोन्ही बाजूंनी कापला होता, डावा अंगठा व्रणापाशीच संपला होता. मखमल पुसून तिथे लाल कापड आणलं होतं.

"असेल तुझाच," त्या म्हणाल्या. "कायदा कशाला खोटं बोलेल? पण समोरची बाई विचारायला आली, काय हो, दुकानात एक सांगता आणि घरी नायलॉन वापरता होय? तेव्हा कायदा नव्हता माझ्या दारात. मी एकटीच होते."

मी पाकीट पालथं करून ठेवलं.

जाऊबाई परत खुर्चीत बसल्या. "आण तो कागद. आणि पर्याय वाचून दाखव, मला एवढी बारीक अक्षरं दिसत नाहीत."

मी चारही वाचले. पेन त्यांच्या हातात होतं आणि माझ्या मनात एकच गोष्ट. आता या पहिल्यावर खूण करणार. हात माझे आणि फोटो त्यांचे, कायदा त्यांच्या बाजूचा, आणि मीच तो त्यांना घरी येऊन समजावून सांगितला होता. उद्या माझा नऊ दिवसांचा कोट कुठल्या साबणाच्या खोक्यावर छापून येणार. त्यांच्या जागी मी असते तर मी हेच केलं असतं, आणि वर हसले असते.

त्यांनी पेनचं टोक कागदावर आणलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हात तुझे आहेत," त्या म्हणाल्या. "तुला काय हवंय ते सांग. मी तशी खूण करते."

मला एकदम भरून आलं. तो फोटो साइटवर टाकताना मी एवढंच विचारलं असतं तर? त्या तेव्हा माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या, मखमल शिवत. मान वळवून विचारायचं होतं, बस. रडू आलं त्याचा मला रागही आला, म्हणून मी जरा मोठ्यानेच बोलले.

"मी विचारायला हवं होतं तुम्हाला."

"हवं होतं," जाऊबाई म्हणाल्या. जाऊ दे, झालं गेलं, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. "आता सांग लवकर. ऊन गेलं की मला रेघही दिसत नाही."

"दुसरा," मी म्हटलं. "नाव देऊन काहीही. शिकवणाऱ्याला बाण काढता यायला हवेत."

"आणि नायलॉनवाला?"

"घेऊ दे. खाली तुमचं नाव छापावं लागेल त्याला."

"माझं?"

"फोटो तुमचे आहेत ना? नाव काढणाऱ्याचं जातं."

"छे, माझं एकटीचं कसलं? काम तुझं," त्या म्हणाल्या. वाचनालयाच्या कागदावर हातांसाठी रकाना नव्हता. 'फोटोत काय आहे' असा होता, तिथे त्यांनी वाकडंतिकडं लिहिलं, की कापड धरलेले हात अमुक बाईंचे, रफूचं कामही त्यांचंच. माझं अख्खं नाव लिहिलं, मी स्वतः जे लग्नानंतर कधी लिहिलं नाही ते माहेरचं आडनावही घालून. मग दुसऱ्या पर्यायावर खूण करून सही केली.

"माझ्याकडचेही देऊन टाक," त्या म्हणाल्या. आता माझा कागद. त्यांच्याकडचे फोटो माझे होते, म्हणजे सही माझी. मी पेन घेतलं. "तुमचं काय?"

"चौथा," त्या एका दमात म्हणाल्या. "कुणी विकायचे नाहीत, कुणी कापायचे नाहीत. एकदा बाजार फिरून आलेत ते."

मला वाटलं, म्हणावं, अहो, तुमचं रेशमाचं काम शिकण्यासारखं आहे, त्यावर बाण काढू द्या कुणाला तरी. ओठांपर्यंत आलं होतं. पण हात त्यांचे होते. मी चौथ्यावर खूण केली, सही केली आणि 'एकूण फोटो' पुढे दोनशे चौऱ्याण्णव लिहिलं.

जाऊबाईंनी कागद ओढून डोळ्यांजवळ नेला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"एक कमी कर," त्या म्हणाल्या. "मखमलीचा. त्याला चौथा कसा लागणार? तो गेलाय."

मी दोनशे चौऱ्याण्णव खोडलं आणि दोनशे त्र्याण्णव लिहिलं.